नवा इयरफोन घेण्याआधी: एका गायनशिक्षिकेचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण गाणं शिकवणाऱ्या एका बाईंचं आहे. ओळख पटू नये म्हणून नाव आणि इतर खुणा गाळल्या आहेत. पुढे त्यांना नुसतं 'शिक्षिका' म्हटलं आहे. इयरफोन त्यांच्यासाठी करमणुकीपुरता नाही. विद्यार्थी रियाजाची रेकॉर्डिंग पाठवतात, ती ऐकून सूर कुठे उतरला, श्वास कुठे तुटला हे सांगायचं असतं. काही वर्ग लॅपटॉपवरून चालतात. आणि रात्री, कामं उरकल्यावर, जुनी ध्वनिमुद्रणं ऐकायची, ती मात्र स्वतःसाठी.

त्यांच्याकडे वायरचा, कानात घालायचा इयरफोन होता. एकच डायनॅमिक ड्रायव्हर (पडदा हलवून आवाज काढणारा भाग), सरळ नळीसारखा आकार, बरीच वर्षं वापरातला. फोनला हेडफोनची जागा नसल्याने यूएसबी-सीचं डोंगल (जोडणीचा छोटा तुकडा) लावायचं. लॅपटॉपला माइकसाठी ऑडिओ इंटरफेस (माइक आणि हेडफोन जोडायची डबी) जोडलेला होता आणि वर्गाच्या वेळी हाच इयरफोन त्या इंटरफेसला लागायचा. हा तपशील ध्यानात ठेवा, पुढे सगळा निर्णय त्यावर फिरला.

समस्या

"इयरफोन म्हातारा झालाय, आवाज बसलाय," हे त्यांचं पहिलं वाक्य. मी जरा खोदून विचारलं तेव्हा तक्रार जास्त नेमकी झाली. "तंबोरा उजवीकडे सरकलाय. 'स' आणि 'श' मात्र डावीकडून येतात. गाणारा मधे उभाच राहत नाही. मग मी आवाज वाढवते, आणि वाढवला की टोचतो."

नवा इयरफोनही त्यांनी मनाशी ठरवून ठेवला होता. प्रत्येक बाजूला आठ ड्रायव्हर, त्यातला एक डायनॅमिक आणि बाकी बॅलन्स्ड आर्मेचर, म्हणजे लहानशी पट्टी हलवून आवाज काढणारे. "तुम्ही फक्त एवढंच सांगा, हा घेऊ ना?"

त्यांची तक्रार फार कामाची होती, कारण तिच्यात दिशा होती. ड्रायव्हर थकला तर आवाज मंदावेल, खरखरेल, एखादी बाजू बंद पडेल. पण एका कानातून बेस (खालचे सूर) जावा आणि दुसऱ्या कानातून ट्रेबल (वरचे, धारदार सूर), हे म्हातारपणाचं लक्षण नव्हे. इथे दोन वेगळे दोष एकाच वेळी असणार, असं मला तिथेच वाटलं. ते न शोधता नवा इयरफोन घेतला, तर दोनातला एक तरी दोष नव्याबरोबरही राहिला असता.

पहिला निर्णय: आधी दोष शोधायचा

तपासणी अगदी साधी होती. फोनच्या सेटिंगमध्ये आवाज मोनो केला, म्हणजे दोन्ही कानांत अगदी एकच आवाज, डावा-उजवा बॅलन्स मधे आहे याची खात्री केली, आणि एकाच आवाजाचं एक जुनं मुद्रण लावलं. मग इयरफोन उलटे घालायला सांगितले: डावा उजव्या कानात, उजवा डाव्या कानात. आकार सरळ असल्याने हे सहज जमलं. कानाच्या पाळीवरून वायर फिरवायच्या इयरफोनला हे अवघड जातं. यामागचा विचार असा, की दोष इयरफोनबरोबर दुसऱ्या कानात गेला तर तो इयरफोनचा. त्याच कानात राहिला तर तो बसवण्याचा, किंवा श्रवणाचा.

निकाल दोन्हीकडून आला. उजवा इयरफोन डाव्या कानातही झाकोळलेलाच वाजत होता, तिथे 'स' बोथट होता. म्हणजे ट्रेबलचा दोष इयरफोनचा. बेसची कमतरता मात्र डाव्या कानातच राहिली, मग तिथे कुठलाही इयरफोन असो.

उजव्या इयरफोनची टिप (कानात बसणारी मऊ टोपी) काढून टॉर्चच्या उजेडात नळीचं तोंड पाहिलं. बारीक जाळीच्या जवळजवळ अर्ध्या भागावर पिवळसर थर साचला होता. कानातला मळ. ही जाळी केवळ कचरा अडवायला नसते. हवेला ठरावीक विरोध करून ती ट्रेबलला आकार देत असते, त्यामुळे ती बुजली की आवाज हळूच लहान होतो आणि धार जाते. हे इतकं सावकाश घडतं की रोज ऐकणाऱ्याच्या लक्षात येत नाही. अशा जाळीत सुई किंवा टाचणी अजिबात घालू नये, मळ आत ढकलला जातो आणि जाळी फाटते. तोंड खाली धरून कोरड्या मऊ ब्रशने झाडायचं, म्हणजे पडेल ते बाहेर पडतं. इथे त्यानेही पुरतं निघेना, तेव्हा दोन्ही बाजूंच्या जाळ्या बदलल्या. एकच बदलली असती तर नव्या-जुन्या जाळीचा फरक उरला असता.

डाव्या कानासाठी त्यांचा गळाच उपयोगी पडला. दोन्ही इयरफोन कानात घालून, गाणं बंद ठेवून, मी म्हटलं, "ओठ मिटून खर्जातला सा धरा." त्यांनी धरला आणि लगेच हात डाव्या कानाकडे गेला. "उजवीकडे डोक्यात घुमतोय. डावीकडे काहीच नाही!" आपला आवाज हाडांतूनही कानात पोचतो. कान मोकळा असेल तर त्यातला खालचा भाग बाहेर निसटतो, कान घट्ट बंद असेल तर आतच कोंडतो आणि घुमतो. डाव्या बाजूला घुमत नाही याचा अर्थ तिथे फट आहे. आणि जिथून त्यांचा खर्ज निसटतो तिथूनच इयरफोनचा बेसही निसटणार. फट अगदी लहान असली तरी सगळ्यात खालच्या सुरांत १० डेसिबलपेक्षा जास्त घट होऊ शकते. इयरफोन कितीही उंची असला तरी ती फट त्याला भरून काढता येत नाही.

दोन्ही कानांच्या नळ्या सारख्या नसणं ही सर्वसाधारण गोष्ट आहे. डब्यात मिळालेली मधल्या मापाची टिप त्यांनी दोन्हीकडे लावली होती. डावीकडे मोठी सिलिकॉनची टिप लावल्यावर सा घुमू लागला. ४० हर्ट्झचा नुसता सूर वाजवून पाहिला, तोही आता मधोमध ऐकू आला. पुढे त्या बाजूला फोमची टिप जास्त सुखाची वाटली. ती बोटांनी दाबून घालायची आणि फुगेपर्यंत धरून ठेवायची. फोम ट्रेबल किंचित मऊ करतो, पण त्यांच्या टोचणाऱ्या तक्रारीला ते पथ्यावरच पडणारं होतं.

मोनो काढून पुन्हा तेच गाणं लावलं. त्या काही बोलल्या नाहीत, गाणं संपेपर्यंत ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "गाणारी आली मधे." शिवाय आवाजही आपण होऊन बराच खाली आणला होता. मला हा फायदा सगळ्यात मोठा वाटतो. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास ही मर्यादा सांगते, आणि आवाज ३ डेसिबलने वाढला की सुरक्षित वेळ निम्म्यावर येतो. कामासाठी रोज तासन्‌तास ऐकणाऱ्या माणसाला हे काही डेसिबल फार मोलाचे आहेत.

दोष इयरफोन बदलूनही आणि टिप बदलूनही त्याच कानात राहिला असता, तर पुढची पायरी श्रवणतपासणी होती. त्या वाटेला जावं लागलं नाही.

काय उरलं, आणि कोणते पर्याय होते

मूळ तक्रार मिटली, पण सगळं समाधान झालं नाही. 'श' अजून टोचत होता. तबला, पेटी आणि गळा एकत्र आले की पेटी गळ्यावर चढायची. वायर कपड्याला घासली की त्याची खरखर थेट कानात यायची. तेव्हा नवा इयरफोन हवा का, हा प्रश्न आता नीट विचारता येणार होता.

बिनतारी इयरबड्स हा पर्याय त्यांच्या घरच्यांनी सुचवला होता. तो लवकर बाद झाला. सर्वसाधारण ब्लूटूथवर इयरबड्सचा माइक सुरू झाला की जोडणी संभाषणाच्या प्रकारात जाते आणि ऐकू येणारा आवाज मोनो होतो. नमुना-दर (आवाज सेकंदाला किती वेळा मोजला जातो तो आकडा) सेकंदाला ८ किंवा १६ हजारांवर उतरतो. १६ हजारांच्या दरात ८ किलोहर्ट्झच्या वरचं काहीच मावत नाही. गाण्याच्या वर्गाला हे चालणार नाही. शिवाय आवाज पोचायला लागणारा उशीर. स्वतःचाच गळा मागाहून ऐकत गाता येत नाही. एलई ऑडिओ या ब्लूटूथच्या नव्या प्रकाराने यातलं बरंच सुधारतं, पण दोन्ही टोकांची उपकरणं त्या तोडीची हवीत.

वेगळा डॅक-अॅम्प (डिजिटल आवाज इयरफोनला लागेल तसा बदलून वाढवणारं उपकरण) घेणं आणि हाय-रेझ (सीडीहून वरच्या दर्जाच्या) फायली मिळवणं, हेही त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. सीडीचा १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झचा दर्जा माणसाच्या कानाला लागेल ते जवळपास सगळं सामावतो, आणि जुन्या ध्वनिमुद्रणांमधला टेपचा सूं-सूं आवाज त्या मर्यादेच्या खूप अलीकडेच असतो. तिथे खर्च करण्यात अर्थ नव्हता.

इक्वलायझर, म्हणजे ठरावीक सूर वाढवायचं-कमी करायचं साधन, हा पर्याय मला सगळ्यात प्रामाणिक वाटला, आणि तो आम्ही मनापासून वापरून पाहिला. त्यांच्या मॉडेलचे मोजमाप-आलेख उपलब्ध होते. असे आलेख कानाची नक्कल करणाऱ्या कपलरवर काढतात. जुन्या मानकाच्या क्रमांकावरून लोक त्याला '७११' म्हणतात. त्या कपलरमध्ये इयरफोन ठरावीक खोलीवर बसवला की ८ किलोहर्ट्झच्या आसपास एक उंचवटा येतो. तो इयरफोनचा नसून नळी आणि खोली यांचा असतो. तुमच्या कानात इयरफोन वेगळ्या खोलीवर बसला की उंचवटा सरकतो. म्हणून आलेखात दिसला म्हणून ८ किलोहर्ट्झ कापायचं, हे अंधारात तीर मारणं आहे. शिक्षिकेंना मी ५ ते १० किलोहर्ट्झ असा सावकाश चढत जाणारा सूर हळू आवाजात ऐकवला आणि जिथे तो एकदम टोचेल तिथे थांबवायला सांगितलं. ७ किलोहर्ट्झच्या जरा अलीकडे त्यांनी हात वर केला, दर वेळी जवळपास तिथेच. तिथे अरुंद फिल्टरने ४ डेसिबल कापले. खाली १०० हर्ट्झच्या आसपास थोडा शेल्फ (तिथून खालचे सगळे सूर एकत्र उचलणारा फिल्टर) वाढवला आणि जेवढं वाढवलं तेवढी एकूण पातळी (प्रीअॅम्प) खाली घेतली, नाहीतर मोठ्या आवाजाची टोकं फाटतात.

'श' बसला. पेटी मागे गेली. आणि शिक्षिकेंनी अगदी रास्त प्रश्न विचारला: "हे वर्गातही असंच वाजेल ना?" तिथेच अडलं. इक्वलायझर फोनमधल्या एका अॅपमध्ये होता. वर्गात आवाज लॅपटॉपमधून, आणि त्यांचा स्वतःचा गळा इंटरफेसमधून थेट, कुठल्याही सॉफ्टवेअरला न शिवता यायचा. ती थेट वाट सोडणं शक्य नव्हतं, कारण बिनउशिराचा आवाज तिथूनच मिळतो. म्हणजे जो इयरफोन मुळातच बरोबर वाजतो तो घेण्याला आता खरं कारण मिळालं.

दुसरा निर्णय: तुलना कशी करायची

तीन इयरफोन जमवले: त्यांना हवा असलेला आठ ड्रायव्हरचा, एक डायनॅमिक ड्रायव्हरचा, आणि एक प्लेनार, म्हणजे सपाट, पातळ पडद्याच्या ड्रायव्हरचा. काही ओळखीच्यांकडून आणले, काही परतीच्या बोलीवर. टिपा सगळीकडे शिक्षिकेंच्या स्वतःच्या. प्लेनारची नळी इतकी जाड निघाली की त्यांच्या उजव्या कानात ती धड बसेचना. तो तिथेच संपला. कागदावर तो उत्तम होता, पण कानात न बसणाऱ्या इयरफोनच्या आवाजाविषयी बोलण्यासारखं काही नसतं.

उरलेल्या दोघांत पहिली अडचण आवाजाच्या पातळीची. दोन गोष्टींत एक किंचित मोठी वाजली तर ती मोठी न वाटता चांगली वाटते: जास्त स्पष्ट, जास्त भरीव. मोठ्या आवाजात बेस आणि ट्रेबल तुलनेने वर येतात हे श्रवणशास्त्रात १९३३ पासून मांडलेलं आहे. त्यामुळे पातळी न जुळवता केलेली तुलना ही आवाजाच्या बटणाचीच तुलना ठरते.

खोक्यावरचे आकडे इथे फसवतात. एकावर १ मिलिवॉटला १०४ डेसिबल आणि १६ ओहम (इम्पीडन्सचं, म्हणजे विजेला होणाऱ्या विरोधाचं माप) लिहिलं होतं, दुसऱ्यावर १०६ डेसिबल आणि ४० ओहम. शिक्षिका म्हणाल्या, "म्हणजे दुसरा मोठा वाजेल." फोन मात्र मिलिवॉट मोजून देत नाही, तो व्होल्टेज देतो. १ व्होल्टला मोजलं तर पहिला होतो १२२ आणि दुसरा १२०. बटण त्याच जागी ठेवलं तर कमी आकड्याचाच २ डेसिबलने मोठा वाजणार. आम्ही ५०० ते २००० हर्ट्झपुरता मर्यादित केलेला 'गुलाबी गोंगाट' (चाचणीसाठीचा सलग सळसळाट) वाजवून, अदलाबदल करत, दोन्ही समान वाटेपर्यंत बटण फिरवलं आणि त्या खुणा लिहून ठेवल्या. प्रयोगशाळेत ०.१ डेसिबलपर्यंत जुळवतात. कानाने एवढं होत नाही, पण निर्णयाला पुरेसं होतं.

डोळे झाकून तुलना करावी असा सल्ला सगळे देतात, आणि स्पीकरच्या बाबतीत तो अगदी योग्य आहे. कानातल्या इयरफोनला तो जवळपास पाळता येत नाही: आकार आणि वजन कानालाच कळतं. म्हणून आम्ही दुसरी वाट धरली. एका वेळी एकच इयरफोन, काही दिवस, नेहमीच्या कामात. आणि टिपण लिहायचं ते 'छान', 'उबदार' असं नाही, तर कामाच्या भाषेत: या रेकॉर्डिंगमध्ये विद्यार्थ्याचा श्वास ऐकू आला का, मंद्रात जाताना पेटी आवाज झाकते का, अर्ध्या तासाने कान दुखतो का.

जिथे निर्णय चुकू शकला असता

आठ ड्रायव्हरवाल्याची टिपणं विचित्र निघाली. रात्री फोनवर: "लख्ख. गळ्याच्या बारीक हरकती वेगळ्या दिसतात." दिवसा वर्गात: "बसका. वरचं सगळं कुणीतरी पुसल्यासारखं." इयरफोन तोच, टिपा त्याच. त्यांनी कारणही शोधलं होतं: वर्गात विद्यार्थ्यांचे माइक वाईट. ते पटण्यासारखं होतं, म्हणून जास्त धोक्याचं होतं. डायनॅमिकच्या टिपणांत मात्र असा दिवस-रात्रीचा फरक नव्हता, आणि विद्यार्थ्यांचे माइक तर दोन्ही इयरफोनच्या वेळी तेच होते.

कारण इंटरफेसमध्ये होतं. त्याच्या हेडफोन आउटपुटचा इम्पीडन्स १० ओहम होता. डोंगलचा सुमारे १. अनेक ड्रायव्हर आणि त्यांच्यातले क्रॉसओव्हर (कोणते सूर कोणत्या ड्रायव्हरला हे वाटून देणारी जोडणी) असलेल्या इयरफोनचा इम्पीडन्स सगळ्या सुरांना सारखा नसतो. या मॉडेलच्या आलेखात तो बेसला ४० ओहमच्या आसपास होता आणि ट्रेबलच्या एका पट्ट्यात ८ पर्यंत उतरत होता. १० ओहमच्या स्रोताला लावलं की ४० ओहमच्या जागी जवळपास २ डेसिबल गळतात आणि ८ ओहमच्या जागी ७. म्हणजे बेसच्या तुलनेत ट्रेबल ५ डेसिबलने खाली. तोच हिशोब १ ओहमच्या डोंगलला केला तर फरक १ डेसिबलहूनही कमी येतो. डायनॅमिक ड्रायव्हरचा इम्पीडन्स बऱ्यापैकी सपाट, म्हणून तो दोन्हीकडे सारखाच वाजला.

स्रोताचा इम्पीडन्स इयरफोनच्या इम्पीडन्सच्या आठव्या भागाहून कमी असावा, असा एक व्यवहारातला नियम आहे. तो आकडा इयरफोनच्या सगळ्यात खालच्या जागेला लावायचा असतो, खोक्यावर छापलेल्या एका आकड्याला नव्हे. १० ओहमच्या इंटरफेसला हा नियम लावला तर ८० ओहमचा इयरफोन लागेल, आणि कानात घालायच्या इयरफोनमध्ये असे फारच थोडे.

तिसरा निर्णय: कोणता घ्यायचा

आता चित्र स्पष्ट होतं. फोनवर ऐकताना आठ ड्रायव्हरचा खरोखर सरस होता. शिक्षिकेंना आणि मलाही तसं वाटलं. तो हवा असेल तर लॅपटॉपला वेगळं डोंगल लावता आलं असतं, पण मग स्वतःचा गळा थेट ऐकण्याची वाट बंद. कमी इम्पीडन्सचा नवा इंटरफेस घेणं शक्य होतं, पण एका इयरफोनपायी चालू असलेलं सगळं बदलायचं. शिवाय त्याचा सांगाडा मोठा. वर्ग लांबला की उजवी पाळी दुखायची.

डायनॅमिकचा एकूण सूर हार्मन कंपनीच्या संशोधकांनी ऐकणाऱ्यांच्या पसंतीवरून आखलेल्या लक्ष्यरेषेच्या (कोणते सूर किती मोठे असावेत याच्या आलेखाच्या) जवळ होता, फक्त बेस थोडा आवरता. त्या रेषेतला बेस सगळ्यांना मानवतो असं नाही. शिक्षिकेंना तो आवरताच बरा वाटला, मंद्र मोकळा राहतो म्हणून. वायर सुटी करता येणारी आणि पाळीवरून जाणारी, त्यामुळे खरखर जवळजवळ गेली.

त्यांचा जीव मात्र आठांवर अडकला होता. "एवढे ड्रायव्हर असून एकाच्या पुढे टिकू नये?" ड्रायव्हरची संख्या हे आवाजाच्या दर्जाचं माप नाही. १९९१ साली आलेला एटिमॉटिकचा ईआर-४ एकाच बॅलन्स्ड आर्मेचरवर चालतो, आणि अचूकपणाचा दाखला म्हणून त्याचं नाव आजही घेतलं जातं. जास्त ड्रायव्हर नीट जुळवले तर उत्तम वाजतात, पण जुळवणी जितकी गुंतागुंतीची तितकी ती बाहेरच्या परिस्थितीवर अवलंबून. शिक्षिकेंची परिस्थिती दोन स्रोतांची होती. त्यांनी डायनॅमिक घेतला.

परिणाम

फोन आणि इंटरफेस या दोन्हींवर आता एकच आवाज ऐकू येतो, आणि त्यांच्या कामाला हाच खरा लाभ झाला. दुपारी विद्यार्थ्याला जे सांगितलं ते रात्री रेकॉर्डिंग ऐकताना पुन्हा पटतं. पेटी आणि गळा वेगळे राहतात. लांब वर्गानंतर कान शिणत नाहीत.

तरीही मिळालेल्या सुधारणेचा सगळ्यात मोठा वाटा जाळी आणि टिपा यांचाच आहे, हे मी त्यांनाही स्पष्ट सांगितलं. जुना, साफ केलेला, इक्वलायझर लावलेला इयरफोन आणि नवा यांच्यातलं अंतर खरं आहे, पण लहान आहे. ज्याचं सगळं ऐकणं एकाच फोनवर होतं, त्याला मी या टप्प्यावर खरेदीचा सल्ला दिलाच नसता.

वेगळं काय करता आलं असतं

स्रोतांची यादी सगळ्यात आधी करण्यासारखी होती. इयरफोन कुठे कुठे लागणार, आणि तिथला आउटपुट इम्पीडन्स किती, हे इयरफोन जमवण्यापूर्वी विचारलं असतं तर आठ ड्रायव्हरवाल्याच्या टिपणांचं कोडं पडलंच नसतं. मात्र मग तो यादीत आलाच नसता, आणि फोनवर तो किती छान वाजतो हे शिक्षिकेंनी स्वतः ऐकलं नसतं. ऐकल्यामुळे निर्णय त्यांचा झाला. हे मला कमी महत्त्वाचं वाटत नाही.

टिपांबाबत आणखी काटेकोर राहता आलं असतं. प्रत्येक इयरफोनच्या नळीची जाडी आणि लांबी वेगळी. त्यामुळे तीच टिप दोन्हींवर सारख्याच खोलीवर बसेल असं नाही. सा घुमण्याची चाचणी प्रत्येक इयरफोनला, प्रत्येक वेळी कानात घातल्यावर व्हायला हवी होती. ती रोज झाली नाही. जुन्या इयरफोनच्या जाळीवरचा थर तर कुठल्याही खरेदीचा विचार नसताना, अधूनमधून टॉर्च मारून बघितला असता तरी दिसला असता. नव्याच्या डब्यात आता ब्रश ठेवलेला आहे.

एक प्रश्न अजून सुटलेला नाही. ऐकताना डावी बाजू घट्ट बसते, पण शिक्षिका स्वतः मोकळ्या आकारात गाऊ लागल्या की जबडा हलतो, त्याबरोबर कानाच्या नळीचा आकार बदलतो आणि तार सप्तकात डावीकडचा बेस मधूनच निसटतो. फोमने हे कमी झालं, थांबलं नाही. कानाचा साचा घेऊन त्या मापाच्या टिपा करून घेणं हा यावरचा उपाय आहे. तो करायचा ठरला तर गायकांचा साचा तोंड उघडं ठेवून घेतात, हे साचा घेणाऱ्याला आधीच सांगावं लागेल. शिक्षिकेंचं अजून ठरलेलं नाही.